चिमीची लाल सायकल

४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू घसा फोडतेस आणि माझ्या कानात नुसती गुणगुण पोचते, त्यापेक्षा पत्रच बरं. तुझी लेक मजेत आहे. चिमीचा खोकला गेला, आता फक्त तोंड चालू असतं. आईवर गेली आहे.

परवा तुझ्या नगरपालिकेतले एक गृहस्थ आले होते. दार लोटलेलंच होतं. मी खिडकीपाशी पेपर वाचत होतो, वळून बघतो तर हे खुर्चीत बसलेले! हाका मारल्या असतील बिचाऱ्याने. फार अदबशीर माणूस. माझ्याशी सगळं कागदावर लिहून बोलला आणि जाताना ते कागद नीट घडी करून खिशात घातले. मॅडम गटाराच्या बिलापायी उगाच जीव आटवतात, जरा समजवा, असं त्याचं म्हणणं. चिमीला लाल सायकल आणली, आम्हा दोघांचा सायकलसकट फोटो काढला. कधी शाळेतून तिला गाडीने आणून सोडीन, असंही म्हणाला. नाव विचारायचं राहिलं बघ. माझ्या वतीने आभार मान.

लोभ आहेच, उत्तराचा आळस करू नकोस.
तुझे बाबा

८ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. बाबा, मी कोणालाही पाठवलेलं नाही. चिमीला सायकलला हात लावू देऊ नका. दाराला आतून कडी घाला. शाळेतून तिला तुम्हीच आणा, गुडघे कुरकुरले तरी.

नीट सांगते. इथल्या एका गल्लीत गटाराचे नवे पाइप टाकल्याचं बिल माझ्याकडे आलंय. मी लेखाधिकारी, माझी सही झाली की पैसे ठेकेदाराला जातात. सहीआधी मी गल्ली बघून आले. रस्ता कुठेच खणलेला नाही, सांडपाणी अजून लोकांच्या उंबऱ्याशी येतंय. इंजिनिअरने मात्र काम पूर्ण असं लिहून दिलंय आणि मुख्याधिकाऱ्यांनी मान डोलावलीय. अडलंय ते माझ्यापाशी. आता त्या फोटोत लेखाधिकाऱ्याच्या वडिलांनी सायकल भेट म्हणून घेतलेली दिसते. तुमचा काही दोष नाही.

माया असू द्यावी, आणि कडी विसरू नये.
आपली ठमी

१३ मार्च

चि. ठमीस,
अ. आ. लाज वाटते गं. मी त्याला चहा करून पाजला, साखर पुरेशी आहे का विचारलं. सायकल माळ्यावर टाकली. चिमी रुसली आहे.

घाबरू नकोस, पण लपवूनही चालायचं नाही. आज शाळा सुटायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभा होतो. मुली बाहेर आल्या. चिमी आली ती त्याचं बोट धरून. शाळेच्या आतून! तिचं दप्तर त्याच्या खांद्याला. त्याने हसून ते माझ्या हातात दिलं, काहीतरी बोलला आणि चालता झाला. मला फक्त ओठ हललेले दिसले. घरी आल्यावर चिमीने पाटीवर लिहून दाखवलं: काकांनी आईला नमस्कार सांगितलाय. बाईंनी त्याला आईच्या ऑफिसातला म्हणून आत सोडलं होतं.

सांभाळून राहा. मीही राहतो.
तुझे बाबा

१६ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. मी सही करते, बाबा. मुख्याधिकाऱ्यांनी आज मला बोलावून मोबाइलवर तो फोटो दाखवला. मुलगी गोड आहे, एवढंच म्हणाले, आणि बिल पुढे सरकवलं. माझ्याआधी सगळ्यांनी सह्या केल्यात, मग मीच कोण मोठी लागून गेले? आठवड्याची मुदत मागून घेतली आहे. तुम्ही फक्त एक शब्द लिहा, चालेल म्हणून. तेवढ्यावर मी निभावून नेईन.

रागावू नये.
आपली ठमी

२० मार्च

चि. ठमीस,
अ. आ. तो शब्द माझ्या हातून लिहवत नाही. मी शूर आहे म्हणून नव्हे. काल पायाला मांजर घासलं तरी दचकलो. पण विचार केला. सही केलीस की तो यायचा थांबेल असं तुला वाटतं, मला नाही वाटत. त्याला घर ठाऊक झालंय, शाळा ठाऊक झालीय. आपण घाबरून सही करतो, हेही कळलं की संपलंच. मग तो प्रत्येक बिलाला येईल आणि चिमी वाढेल तशी मोठी सायकल आणील.

चिमीला तुझ्या मावशीकडे पोचवलंय. सायकल ढकलत पोलीस ठाण्यात नेली, कोणी, कशासाठी आणली ते सगळं लिहून दिलं. हवालदाराला हसू आवरेना, पण सायकल जमा केल्याची पोच शिक्का मारून दिली. ती सोबत ठेवली आहे. त्यांच्या फोटोला आपलं उत्तर. सही तुझी आहे, बाई. तू काहीही केलंस तरी मी तुझा बाप आहेच.

घाबरत घाबरत पण पोटभर आशीर्वाद.
तुझे बाबा

२९ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. सही केली नाही. बिल आणि तुमची पोच घेऊन वरच्या लेखापरीक्षा कार्यालयात गेले. बसमध्ये सारखी मागे वळून बघत होते. तिथल्या मुख्य बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कागद बघून भागायचं नाही, खणूनच बघू.

परवा त्यांच्यासमोर गल्ली खणली. सगळी घरं दारात येऊन उभी. आधी एका टोकाला खड्डा घेतला, मग दुसऱ्या, मग वळणावर. नुसती माती निघाली. इंजिनिअर कोणाच्या तरी पायरीवर डोकं धरून बसला. बिल रद्द झालं, तो निलंबित झाला, मुख्याधिकाऱ्यांवर चौकशी बसली. पण तुमच्याकडे आलेला माणूस कोण, ते कोणीच सांगत नाही. फोटो त्याने काढलेला, म्हणून तो फोटोतही नाही. तो अजून कुठेतरी आहे, बाबा. म्हणून तुम्हीही काही दिवस मावशीकडेच जा. हट्ट करू नका.

त्या दिवशी गल्लीतून सगळे पांगल्यावर माझं अंग कापायला लागलं. समोरच्या घरातल्या बाईने खुर्ची दिली, पाणी आणलं. मला ग्लास धरवेना, निम्मं पाणी अंगावर सांडलं. तिने तो काढून घेतला, स्वतः माझ्या ओठांना लावला आणि मी पिऊन होईपर्यंत पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग हळूच विचारलं, आता पाइप खरंच येतील ना? मी हो म्हणाले, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

आशीर्वाद असू द्यावेत, या खेपेला जरा जास्तच.
आपली ठमी