नळ्या मोकळ्या हायेत

हनुमंतदादा,

जिथं असशील तिथं गोरक्षचा रामराम घे.

आज माझीबी अँजिओग्राफी झाली. नळ्या मोकळ्या निघाल्या. गेल्या साली तुझ्या निघाल्या व्हत्या, तशाच. मी निरगुडसरला घरी पोचायच्या आत तुझ्या भावजयीनं, आशानं पेढे वाटलेबी.

मी डॉक्टरला तुझंच विचारलं, की नळ्या मोकळ्या असताना माणूस गोठ्यात कोसळला कसा? ते म्हणाले, नळीच्या भिंतीलाबी रक्त लागतं. ते पोचवायला भिंतीतच केसाहून बारीक शिरा असतात. भिंतीत चरबी साचली की त्या तिच्यात वाढतात, पण कच्च्या असतात, फुटतात. मग भिंत फुगून चिरते, रक्त गोठतं आणि नळी बंद. फोटोत नुसती वाट दिसते, भिंतीतलं न्हाई.

आपली विहीर अशीच मागच्या पाझरानं ढासळली व्हती.

"माझ्या भिंतीत काय हाय?" मी विचारलं.

"थोडी चरबी आहे. गोळ्या चुकवू नका," एवढंच म्हणाले.

हे घरी कुणाला सांगू? आशानं दिलेला पेढा वहिनी तसाच हातात धरून उभी राहिली. "भावजी, मोकळ्या का?" तिनं विचारलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडं मला बघवंना. मी हो म्हणालो.

उद्या ओझरच्या गणपतीला माझा नवस फेडायचाय. तुझा ज्या ताटानं फेडला व्हता, तेच ताट वहिनीनं घासून ठेवलंय.

तुझ्या पाठचा,
गोरक्ष