मागच्या खिडकीची साक्ष

मी, हायकाएली, कै. फिलेमोनी मोंगी यांची विधवा, वय बहात्तर, राहणार मारांगूच्या वरच्या अंगाला, चर्चखालच्या उतारावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. पाळकांच्या कपाटात माझं जुनं मृत्युपत्र आहे, ते रद्द समजावं. त्यात मी स्वतःला "विश्वासात अढळ" असं लिहवून घेतलं होतं. बाकी काही नाही फाडलं तरी चालेल, ते दोन शब्द आधी खोडावेत.

कलम १. माझा देह केळीच्या बागेत, फिलेमोनीच्या डाव्या हाताला पुरावा. गाणी म्हणावीत, सगळ्यांना जेवू घालावं. मात्र अंत्यविधीच्या वेळी माझी ती साक्ष कोणी सांगू नये. कोणती साक्ष, ते गावाला माहीत आहे. ज्यांना पाठ आहे त्यांनी तोंड मिटून बसावं.

कलम २. घरातल्या वस्तू. काळी गाय थोरल्या एलिनामीच्या बायकोला; ती दूध विकत नाही, पोरांना पाजते. ऐंशी माणसांचा केळी-मटणाचा रस्सा होतो ते मोठं पातेलं महिला प्रार्थनागटाला. गटाने ते १९९८ साली नाताळानंतर बुडाशी करपवून परत केलं होतं आणि कोणी केलं ते आजवर कबूल केलेलं नाही, तरी देते. माझी गीतांची वही नात ऐचीला. पांढरं बाप्तिस्म्याचं झबलं, जे माझ्या तिन्ही लेकरांनी घातलं, ते पेटीतच राहू द्यावं. ज्याला हवं त्याने मागून घ्यावं.

या झबल्यावरून थोडं लिहिते, कारण मी सुखाचं घर चालवलं असं मला फार वर्षं वाटत होतं. एकाच ताग्यातून तिघांचे नाताळाचे कपडे शिवायचे. संध्याकाळी चुलीभोवती बसून गाणं म्हणायचं. अनासिया वरच्या सुरात, एलिनामी बेसूर, आणि धाकटा गॉडलिसन माझ्या मांडीवर, गाणं संपायच्या आत झोपलेला. त्याला गाणं कळायचं. सूर चुकला की झोपेतसुद्धा कपाळाला आठी घालायचा. हे मी कोणाला सांगत नाही, कारण पुढे विचारतील.

कलम ३. घर आणि वरची बाग. आमच्या कुळात आईबापांचं घर धाकट्या मुलाला जातं आणि मुलींना काही जात नाही. मला हे ठाऊक आहे. परंतु वरची जमीन फिलेमोनीने हयातीतच माझ्या नावावर करून दिली, तेव्हा ती कोणाला द्यायची हे मीच ठरवणार. घर, बाग आणि कॉफीची झाडं मी माझी मुलगी अनासिया हिला देते. सुतारकामाची शेड आणि तिच्याखालची जागा गॉडलिसनला. एलिनामी, तुला रस्त्याकडची जमीन बापाने दिलेली आहे. रुसू नकोस. कुळातली माणसं विचारतील की मुलीला का. तर हे कारण, सगळ्यांसमोर वाचावं.

१९८७ चा ऑगस्ट. कॉफीची तोडणी चालू होती. फिलेमोनी अरुशा शहरात गवंडीकामावर होता, महिन्यातून एकदा घरी येई. त्या वर्षी बाहेरगावचा एक प्रचारक आमच्याकडे राहून गेला. औषधाची बाटली म्हणजे अविश्वासाची बाटली, असं तो म्हणे. त्याला मी दोष देत नाही. तो तीन आठवड्यांनी गेला. त्याचं वाक्य घरात ठेवून घेतलं ते मी. गटात माझं नाव होऊ लागलं होतं, आणि ते मला गोड लागत होतं.

गॉडलिसन तीन वर्षांचा. मंगळवारी ताप, बुधवारी उलट्या, गुरुवारी मान ताठ. शुक्रवारी सकाळी मी गटातल्या बायकांना बोलावलं. आम्ही प्रार्थनेला बसलो तोच दारात ओलिपा उभी. ओलिपा आमची शेजारीण, दवाखान्यात नर्स. तिला कोणी बोलावलं ते तेव्हा कळलं नाही.

"हायका, बाजूला हो. पोराची मान बघू दे."

"इथे प्रार्थना चालू आहे."

"चालू दे की. तुम्ही डोळे मिटून करा, मी डोळे उघडे ठेवून त्याला बघते."

"विश्वास नसेल तर आत येऊ नकोस," मी म्हणाले, आणि दाराला कडी घातली.

आम्ही मोठमोठ्याने गाऊ लागलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मी डोळे उघडले तर आतल्या खोलीतला बिछाना रिकामा. आणि माझ्या तोंडून जे पहिले शब्द निघाले ते मी इथे लिहिते, कारण ते ऐकलेल्या दोन बायका अजून जिवंत आहेत. मी म्हणाले, "प्रभूने नेलं. हनोखासारखं सदेह वर नेलं." त्या रडत जमिनीवर पालथ्या पडल्या.

प्रभूने नेलं नव्हतं. मागची खिडकी उघडी होती. तिच्याखाली बादली पालथी घातलेली, आणि बादलीवर सात वर्षांची अनासिया. हात रिकामे. मला पाहून ती खाली उतरलीसुद्धा नाही. तिनेच ओलिपाला बोलावलं होतं, आणि दार लागल्यावर तिनेच भावाला खिडकीतून बाहेर ओलिपाच्या हातात दिलं होतं. खिडकीच्या चौकटीला एक खिळा होता, त्यावर पोराची नडगी फाटली.

ओलिपा त्याला कॉफीच्या ट्रकमधून खाली मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. सोळा दिवस सुया चालल्या. जीव वाचला. कान गेले. "दोन दिवस आधी आणलं असतं तर," एवढं बोलून डॉक्टर थांबला. पुढचं त्याने मला बोलून दाखवलं नाही. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा.

अनासियाला मी कॉफीच्या ओल्या फांदीने मारलं. त्या दिवशी नाही, राग असता तर समजून घेता आलं असतं. पोरगा वाचणार हे कळल्यावर, चौथ्या दिवशी, शांतपणे मारलं. पुढच्या शनिवारी तिला गटासमोर उभं केलं आणि अविश्वासाबद्दल क्षमा मागायला लावली. काय बोलायचं ते मी शिकवलं होतं. ती घाबरून शब्द विसरली आणि तिला जसं समजलं होतं तसं म्हणाली, "मी चुकले. गॉडलिसन मेला असता तरी मी गप्प बसायला हवं होतं."

बायका म्हणाल्या, आमेन. मीही म्हणाले.

कलम ४. ऑगस्टमधली उपकारस्तुती. पुढच्या वर्षीपासून दर ऑगस्टला आमच्या अंगणात उपकारस्तुतीचं जेवण होऊ लागलं. बोकड, मोठं पातेलं, केळ्यांच्या घडांची रास, मुलांना नवे कपडे, आणि शेवटी माझी साक्ष: "डॉक्टर नव्हता, औषध नव्हतं, फक्त गुडघे होते." दुसऱ्या गावच्या मंडळ्या ऐकायला येत. फिलेमोनी त्या वेळी लाकडं आणायला म्हणून मागे जात असे आणि साक्ष संपली की रिकाम्या हाताने परत येत असे. ओलिपा एकदा कुंपणावरून म्हणाली, "साक्ष ऐकली हं. छान सांगतेस. सोळा दिवसांच्या सुया कुठे ठेवल्यास?" तेव्हापासून मी तिला जेवणाचं आमंत्रण देणं बंद केलं.

अनासिया पंधराव्या वर्षी शिवण शिकायला अरुशाला आत्याकडे गेली आणि तिकडचीच झाली. नाताळला येते, पोरांचे कपडे देते, उजेड आहे तोवर परत जाते. ऑगस्टला कधीच आली नाही. मी बायकांना सांगत असे, तिचं मन कठीण झालं आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि त्या बिचाऱ्या नाव घेऊन करत.

गॉडलिसन बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकला, सुतार झाला, त्याच शाळेतली बायको केली. त्यांची हातांची भाषा मला येत नाही. ये, जेव, गाय, झोप. पस्तीस वर्षांत चार शब्द. दर ऑगस्टला तो पहिल्या रांगेत बसून हसायचा. हे जेवण कॉफीच्या सुगीचं आहे असं त्याला वाटत होतं. कोणी काही समजावलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याची सहा वर्षांची ऐची त्याच्या शेजारी बसली होती. मी साक्ष सांगू लागले तशी ती हातांनी बापाला सांगू लागली. मी पाहिलं, पण थांबवू कशी? शंभर माणसं बसलेली. त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने हात हलवले आणि ऐची मोठ्याने म्हणाली, "आजी, बाबा विचारतोय, मग मला खिडकीतून बाहेर कोणी दिलं?"

मी म्हणाले, "त्याला सांग, तापात भास होतात."

तिने सांगितलं. तो उठला, सगळ्यांसमोर पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगीवरच्या पांढऱ्या वणावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणाले, "चला, रस्सा थंड होतो आहे."

ही माझी दुसरी चूक नाही. ही पहिलीच, पुन्हा केलेली. त्या दिवसापासून मला माझ्याच अंगणात मान वर करवत नाही.

कलम ५. इसालेचं पान. सप्टेंबरात माझे दीर, कुळातले वडीलधारे, मला म्हणाले, "वहिनी, मुलीकडे क्षमा मागायला जायचं तर कुंपणाचं इसालेचं पान घेऊन जा. पान हातात दिलं की तिला नाही म्हणता येत नाही. आपल्यात आजवर कोणी म्हटलेलं नाही." मी पान पिशवीत घातलं आणि अरुशाची बस धरली.

अनासिया मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने शिलाई पूर्ण केली, दोरा तोडला.

"आई, मला काय सांगतेस? मी तिथे होते."

"मी चुकले."

"हं. हे वाक्य मला पाठ आहे." मग म्हणाली, "चहा घेशील?"

चहा पिताना तिने विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी नाही म्हणाले. "मग आधी त्याच्याकडे जायचं होतंस. माझे कान शाबूत आहेत."

पिशवीत पान होतं. मी ते काढलं नाही. तिला नाही म्हणता येऊ नये अशी सोय मी एकदा केली होती, तेव्हा ती सात वर्षांची होती. परत आल्यावर पान गायीला घातलं. माझ्यानंतरही, माझ्या नावाने, तिच्या हातात कोणी पान देऊ नये. तिला घर द्यावं आणि काही मागू नये. तिने घर विकलं तरी चालेल. तिने ते पाडलं तरी चालेल.

गॉडलिसनला मी कागदावर लिहून दिलं. त्याला वाचता येतं. हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं असं नाही. त्याने शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. मग कानावरची पेन्सिल काढून समोरच्या फळीवर लिहिलं: "ताईला मारलंस?" स्वतःच्या कानांबद्दल एक अक्षर नाही. मी होकारार्थी मान हलवली. त्याने रंधा घेतला आणि फळीवरचे ते शब्द तासून काढले. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तो अरुशाला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. बहीणभावांचं काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. तो रविवारी येतो, जेवतो. ताट स्वतः धुतो.

कलम ६. इथवरचं मृत्युपत्र मी जूनमध्ये लिहून संपवलं आणि तिसरं कलम माझ्या मृत्यूनंतर गटासमोर वाचावं असं घातलं. साक्षीदार म्हणून ओलिपाकडे गेले. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे. तिने सगळं वाचलं, चष्मा काढला आणि कागद परत दिला.

"सही नाही करणार."

"का? खोटं काय आहे यात?"

"खोटं काही नाही. पण मेल्यावर खरं बोलायला काय लागतं, हायका? मेलेल्याचं तोंड बघून सगळे गप्प बसतात. साक्ष जिवंतपणी सांगितलीस, तर हेही जिवंतपणी वाच. मग ये."

मी दोन महिने तिच्या दारावरून मान खाली घालून गेले. शेवटी गेल्या शनिवारी, उपकारस्तुतीच्या दिवशी, साक्षीच्या वेळी उभी राहिले आणि तिसरं कलम वाचलं. आवाज फुटत नव्हता. मागून कोणीतरी "मोठ्याने" म्हणालं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. ऐचीला मी त्या दिवशी तिच्या मामाकडे पाठवलं होतं. लहान लेकराच्या तोंडून हे पुन्हा जाऊ नये. गॉडलिसन पहिल्या रांगेत होता, हसत नव्हता. अनासिया आली नव्हती. तिला मी बोलावलंही नव्हतं.

वाचून झाल्यावर निम्म्या बायका न जेवता उठल्या. पाळक आकाशाकडे पाहत राहिले. त्या शुक्रवारी जमिनीवर पालथ्या पडलेल्या दोघींपैकी एक, माझ्याहून थोरली, हळू चालत माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "तेव्हा आमेन मीही म्हणाले होते." मग ती माझ्याशेजारी बसली. पातेलं अर्धं भरलेलं राहिलं. उरलेला रस्सा रात्री शेजाऱ्यांनी नेला.

यापुढे या अंगणात ऑगस्टचं जेवण करायचं की नाही, ते अनासिया आणि गॉडलिसन यांनी ठरवावं. केलंच, तर उपकार कोणाचे मानायचे ते त्यांना ठाऊक आहे. प्रभूचे मी रोज मानते. त्याने त्या सकाळी आमच्या घरात कोणाला पाठवलं होतं, हे मला कळायला आयुष्य गेलं, आणि पाठवलेल्याला मी फांदीने मारलं.

याखेरीज माझी काही इच्छा नाही. वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि खाली सही केली.

मारांगू, २८ ऑगस्ट २०२३

सही: हायकाएली फिलेमोनी मोंगी

साक्षीदार पहिला: एलिआकिमू मोंगी, दीर, कुळाच्या वतीने. मुलीला घर देणं मला मान्य नाही. लिहिलेलं वहिनीच्याच हातचं आहे, एवढ्यापुरती सही.

साक्षीदार दुसरी: ओलिपा किमारो, निवृत्त नर्स. अंगणात वाचलं तेव्हा मी हजर होते. खिडकीखालीही मीच होते.