आपला नातू आणि नाळेतलं रक्त

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. हे पत्र खुर्चीत बसून वाचा, उभ्याने नको. तब्येत कशी आहे? छातीवरचे टाके सुकले का? जिना चढायची परवानगी मिळाली, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? (डॉक्टरांचं ऐका. मी ऐकत नाही, पण माझं हृदय माझ्याइतकंच निगरगट्ट आहे.) इकडे सगळे खुशाल. आपला नातू ठणठणीत आहे. आत्ता तो माझ्या डाव्या मांडीवर आडवा पडून माझ्या हाताला लाथा मारतो आहे, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर दोष त्याचा. ही गोष्ट मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढचं वाचताना तुम्हाला पुन्हा पुन्हा या ओळीवर यावं लागेल. पेन्सिलीने खूण करून ठेवा.

सव्वीस दिवसांपूर्वी मी फोनवर "मुलगा झाला, सगळं उत्तम" असं सांगितलं. त्यातलं "मुलगा झाला" हे खरं होतं. "सगळं उत्तम" ही थाप होती. तुमचं ऑपरेशन होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते आणि तुमच्या डॉक्टरांनी धक्का नको म्हणून बजावलं होतं. थाप मारायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस वर्षं फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला "उद्या नक्की येतो" म्हणायची सवय असते, असं आमच्या चिरंजीवांचं मत पडलं. तुमची लेक घसा बसलाय म्हणून दोनच वाक्यं बोलायची ना, तो घसा नव्हता, रडं होतं. आणि फोटोत नेहमी बाळाचे फक्त पायच का, असं तुम्ही दोनदा विचारलंत. वरच्या भागाला नळ्या होत्या, व्याहीबुवा.

झालं असं, की ऐन वेळी वार, म्हणजे बाळाला पोसणारी पिशवी, आतल्या आत सुटली आणि बाळाचे ठोके मंदावू लागले. सूनबाईंना पळवतच ऑपरेशनला नेलं. चिरंजीव दारापाशी उभे, मी बाकावर. बाळ बाहेर आलं, पण रडलं नाही. बाकावरून उठून दाराला कान लावून मी वाट बघत होतो. आत भांड्यांचा आवाज, पावलांचा आवाज, मापं सांगणारा कुणाचा तरी आवाज, फक्त जो हवा तोच आवाज नाही. एवढ्यात दार धाडकन उघडून एक नर्सबाई बाहेर आल्या. हातात उघडा डबा, डब्यात रक्ताची पिशवी, आणि त्या सुसाट जिन्याकडे निघाल्या. माझं डोकंच फिरलं. आत माणसांना रक्ताची गरज आणि ह्या बाई ते बाहेर नेतायत! "अहो, ते आत द्यायचं असतं!" असं ओरडत मी मागे धावलो. तीन मजले वर. (माझा गुडघा तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तो मला माहीत नव्हता.) बाई एका काचेच्या दारातून आत शिरल्या, त्यांच्यामागे मी चपलांसकट शिरलो, आणि टोपी-मास्कवाल्या एका मुलीने मला तसंच उलट्या पावली बाहेर काढलं. रक्तपेढीत चोर शिरावा तसा मी तिथे हात वर करून उभा होतो.

ते रक्त तुमच्या लेकीचं नव्हतं. ते बाळाचंच होतं. नाळ कापल्यावर नाळेत आणि वारेत बाळाचं बरंच रक्त उरतं, ते एरवी वारेबरोबर कचऱ्यात जातं. या रुग्णालयात एक अभ्यास चालू आहे. जन्मताना ज्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याचं हे रक्त गोळा करायचं, यंत्रात गरगरा फिरवून त्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि पहिल्या तीन दिवसांत त्यालाच परत द्यायच्या. त्याचा माल त्यालाच. मेंदूची सूज उतरायला आणि दुखावलेला भाग सावरायला त्या मदत करतील अशी आशा. "आशा" हा शब्द बाळावर उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा, मी "खात्री" म्हणालो तेव्हा त्यांनी तो दुरुस्त केला.

आता तुम्ही विचाराल, त्या धावपळीत याला परवानगी दिली कुणी? तुमच्या लेकीने, पाचव्या महिन्यातच! नाव नोंदवताना अकरा पानांचा कागद मिळाला होता. आम्ही म्हणालो, कर सही, सगळे करतात. ती शाळेतल्या बाकावर बसावी तशी बसून अकराही पानं वाचत बसली, तीन शंका विचारल्या आणि मग सही केली. मी मागे उभा राहून जांभया देत होतो. त्या जांभयांबद्दल मी तिची माफी मागितली आहे, तुमचीही मागतो. तुमच्या घरात मुलीला कागद वाचायला शिकवलंत, त्यामुळे माझ्या घरातलं लेकरू आज लाथा मारतंय.

त्याच दुपारी मला बाळ काचेतून दाखवलं आणि मी पुन्हा तमाशा केला. उघडंनागडं लेकरू एका निळ्या गादीवर, अंगावर चिंधी नाही, आणि पडद्यावर अंगाच्या तापमानाचा आकडा साडेतेहतीस अंश! मी म्हणालो, मशीन बिघडलंय, आजपर्यंत फ्रीज-शीतगृहांची हजार मशीनं उघडली आहेत मी, बाजूला व्हा. त्याच मोठ्या डॉक्टरीणबाई चणीने लहान, पण आवाज असा की कंप्रेसरसुद्धा गप्प व्हावा.

"आजोबा, मशीन उत्तम आहे. त्याला आम्हीच थंड ठेवलंय. तीन दिवस."

"अहो, पण नवजात बाळाला ऊब लागते!"

"याच्या मेंदूला आत्ता आराम लागतोय. थंडीत नुकसान हळू होतं. शीतगृहात काय करता तुम्ही?"

व्याहीबुवा, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या धंद्याच्या भाषेत मला गप्प केलं. शीतगृहात आम्ही मालाला झोपवतो, म्हणजे तो नासत नाही. त्यानंतर मी काचेपाशी स्टूल टाकून बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला साडेतेहतीस म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. दुसऱ्या दिवशी काही जण मला चुकवायला मागच्या जिन्याने जायला लागले.

पेशींचा पहिला हप्ता मी डोळ्यांनी पाहिला. मला वाटलं होतं मोठी बाटली लटकवतील. चहाच्या दोन-तीन चमच्यांएवढं लालसर पाणी, छोट्या पिचकारीत, आणि ते थेंबाथेंबाने नळीतून आत. चिरंजीव माझ्या शेजारी उभे होते. लहानपणापासून हा मुलगा बोलायला कंजूष. त्याने माझी बाही घट्ट धरली, सहा वर्षांचा असताना धरायचा तशी, आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत सोडली नाही. मीही हात हलवला नाही. त्या वेळी बाळाला झटके येत होते. दर झटक्याला त्याची इवलीशी मूठ सायकल चालवल्यासारखी फिरायची, आणि आम्ही दोघे बाप काचेबाहेर काहीही न करता उभे.

(यात एक उपकथा. पेशी वेगळ्या काढतात त्या प्रयोगशाळेबाहेरून जाताना मला आतल्या फ्रीजचा टक्-टक् आवाज आला. रिले, म्हणजे कंप्रेसर सुरू करणारा स्विच, निकामी होत चाललाय, हे माझ्या कानाने ओळखलं. आपल्या पेशी आत! मी दार बडवलं, आरडाओरडा केला, माणसं जमवली. रिले खरंच गेला होता. पण त्या फ्रीजमध्ये रिकाम्या बाटल्या होत्या, आपल्या पेशी शेजारच्या फ्रीजमध्ये सुखात होत्या. तरी निदान बरोबर होतं, हे लक्षात घ्यावं.)

तिसऱ्या दिवशी झटके थांबले. चौथ्या दिवशी त्याला तासाला अर्धा अंश अशा चालीने ऊब देत वर आणलं. सकाळभर मी आकडा वाचत होतो, सूनबाई चाकांच्या खुर्चीत, चिरंजीव मागे. साडेछत्तीसला बाळाने एक डोळा उघडला. मग नाक वाकडं केलं. आणि मग, व्याहीबुवा, त्याने तोंड उघडून असा टाहो फोडला की शेजारच्या दोन पेट्यांतली बाळं जागी झाली! तीन दिवस उशिरा, पण व्याजासकट. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ चष्मा पुसला. मी मात्र टाळ्या वाजवल्या आणि मला पुन्हा एकदा बाहेर काढण्यात आलं.

आठव्या दिवशी तो दूध ओढायला लागला. बाराव्या दिवशी मेंदूचा फोटो काढला, त्यात भीती होती तसं काही दिसलं नाही. एकोणिसाव्या दिवशी घरी आणला. बाहेर पडताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, थंडीने बरा झाला की पेशींनी? त्या म्हणाल्या, "आजोबा, खरं सांगू? माहीत नाही. त्यासाठीच तर अभ्यास." मला हे एकदम पटलं. एकाच वेळी गॅसही भरला आणि रिलेही बदलला, तर मशीन कशाने सुरू झालं हे प्रामाणिक मेकॅनिक छातीठोकपणे सांगत नाही. पण मशीन सुरू झालंय! अहो, काय सुरू झालंय! कान असे आहेत की दोन खोल्यांपलीकडे चमचा पडला तरी दचकतो, आणि बोट दिलं तर सोडत नाही.

तेव्हा राग असेल तर तो माझ्यावर काढा, आणि आनंद आपण निम्मा-निम्मा वाटून घेऊ.

आपला,
फ्रीजवाला व्याही

ता. क. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की इतक्यात बढाया मारू नका. दोन वर्षांचा होईपर्यंत तपासण्या आहेत, चालेल-बोलेल तेव्हा खरं कळेल. म्हणून हे पत्र तुम्ही कुणाला दाखवू नका. मी फक्त गल्लीत, दुकानात आणि जुन्या कारखान्यात सांगितलं आहे.

ता. क. २. आता पत्राचं खरं कारण. विहीणबाई महिनाभर भावाच्या आजारपणासाठी गेल्यात, असं तुम्ही समजता. भाऊ धडधाकट आहे. त्या पहिल्या दिवसापासून इथे होत्या. लेकीजवळ त्याच बसल्या, आणि मला जिन्यावरून खाली आणलं तेही त्यांनीच. शुक्रवारी त्या तुमच्याकडे परत येतायत. आमच्या दोन्ही घरच्या मंडळींची हात जोडून विनंती, की त्यांना एक शब्द बोलू नका. हे सांगायची हिंमत त्यांना होईना, म्हणून एवढं लांबलचक पत्र मला लिहावं लागलं.

ता. क. ३. (हे अक्षर विहीणबाईंचं आहे.) अहो, सकाळची गोळी घेतली का? आधी घ्या. मग काय रागवायचं ते माझ्यावर रागवा. तो हुबेहूब तुमच्यासारखा घोरतो.