पत्राची नक्कल

सोमवार, ४ जून

आलो एकदाच्या! आम्हाला खोल्या दोनच, पण खिडक्या पाच, आणि नोकरीबरोबर राहणंही आलं. माझ्या लेकीनं, चिमणीनं, आल्याआल्या जिन्याच्या कठड्यावरून घसरून घेतलं. आठ वर्षांची घोडी झाली, पण माझा पदर सुटत नाही. माळीबुवांच्या नातीशी, सोनीशी, तिची तासाभरात गट्टी जमली.

लोक हे घर बघायला येतात ते एकाच कारणासाठी. पन्नास वर्षांपूर्वी इथून एक मुलगा पळवला, खंडणीचं पत्र आलं, आणि मुलगा काही परत आला नाही. त्याची थोरली बहीण, ताईसाहेब, आता इथल्या मालकीण. पाहुण्यांना घर दाखवायचं हे माझं काम. तोंड चालवायचा पगार मिळतोय, आणखी काय हवं?

गुरुवार, ७ जून

मूळ पत्राची शाई उजेडानं उडत चाललीय. म्हणून नव्या माणसानं त्याची हातानं नक्कल करून काचेखाली ठेवायची, ही इथली पद्धत. भावाचं नाव तेवढं लिहायचं नाही, ताईसाहेबांना बघवत नाही. त्या जागी जवळचं कुठलंही नाव घालायचं, म्हणजे हात अडखळत नाही म्हणे. मी चिमणीचं घातलं. ‘चिमणी आमच्याकडे आहे.’ लिहिताना हसू आलं. अक्षर मोत्यासारखं आहे, असं ताईसाहेब म्हणाल्या.

मंगळवार, १२ जून

काचेखाली अजून जुनंच पत्र. विचारलं तर म्हणे शाई वाळतेय. पाच दिवस? मी काय दूधखुळी आहे?

माझ्याआधी इथं कोण होतं, असं माळीबुवांना सहज विचारलं. म्हणाले, एक बाई होत्या, त्यांनी भाच्याचं नाव घातलं होतं. पुढं काय झालं विचारताच पाइप उचलून गुलाबांकडे गेले. मला हे मुळीच आवडलेलं नाही.

बुधवार, १३ जून

ताईसाहेब चिमणीला मधल्या खोलीतल्या कपाटामागच्या जागेची गोष्ट सांगतात. त्यांचा भाऊ तिथं लपायचा. मला दिलेल्या नकाशात अशी जागाच नाही. चिमणीला तिकडे जायची बंदी केलीय. उद्या सामान बांधणार. नोकरी गेली खड्ड्यात.

गुरुवार, १४ जून, सकाळ

चिमणी नाही. दात घासायला गेली ती — टेबलावर पत्र. माझंच अक्षर.

दुपार

फौजदार आले. पत्र वाचलं, मी भरते ती पाहुण्यांची वही शेजारी धरली. “बाई, हे अक्षर कुणाचं?” खरं ते सांगितलं. ताईसाहेब म्हणाल्या, नक्कल वगैरे आम्हाला ठाऊक नाही. माळीबुवांनी सोनीला जवळ ओढून घेतलं. मी मधल्या खोलीतलं कपाट ओढायला लावलं. मागे कोरी भिंत.

मला घर सोडायला मनाई. फौजदार संध्याकाळी ही रोजनिशीही नेणार.

चार वाजता

मधल्या खोलीत त्या भिंतीपाशीच बसलेय. ताईसाहेब आल्या. दुसरं पत्र पुढ्यात ठेवलं. हे पाहुण्यांना कधी दाखवत नाहीत. ‘मूल परत हवं असेल तर त्याच्या जागी दुसऱ्या मुलाचं नाव लिहा.’ एवढंच. खंडणी हीच होती —

“आईनं लिहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी पुढं लोकांकडून लिहवून घेत राहिले, पण तोवर फार उशीर झाला होता. तुम्ही उशीर करू नका.”

दाराला बाहेरून कडी.

साडेचार

त्या कोऱ्या भिंतीतून टकटक. तीनदा. चिमणी असंच दार वाजवते —

आता हळू वाजतंय.

जवळचं कुठलंही नाव. देवा, मला क्षमा कर. माळीबुवा, तुम्हीही —

खाडाखोड व्हायला नको. आधी इथंच गिरवून बघते —

सोनी आमच्याकडे आ