बाबांचे सल्लागार

बाबा, तुम्ही मिशीला कलप लावलात त्या सकाळी मी ओट्यापाशी पोहे परतत होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र, मिशी काळीकुळकुळीत आणि वरचा ओठ सुजून लालेलाल. मला वाटलं गांधीलमाशी चावली. "नाय गं," तुम्ही म्हणालात, "बँकवाल्यानं सांगितलं, मिशी काळी केली का माणूस जवान दिसतो." मी गॅस बंद केला आणि पोट धरून हसले. आई गेल्यापासून मी त्या घरात तशी हसले नव्हते. मग तुम्हीही हसायला लागलात, ओठ दुखत असताना.

जवान कोणासाठी दिसायचं, ते तुम्ही बशीत पोहे चिवडत सांगितलंत. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी एक बाई फिरायला यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं लोटलेली, मूलबाळ नाही. तुम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचात, आणि पुढे लग्न झाल्यावरही तेच म्हणत राहिलात. सिन्नरच्या कारखान्यात जन्मभर मशीनवर काम केलेला, साहेबाला तोंडावर 'हे चूक आहे' म्हणणारा माणूस एका बाईला 'चहा घेता का' विचारायला घाबरत होता.

म्हणून तुम्ही बँकवाल्या काकांचा सल्ला घेतलात. फिरायला तुमच्या सोबत असणारे हे काका कुठल्याही विषयावर सल्ला द्यायचे, फक्त त्यांची स्वतःची बायको त्यांच्याशी धड बोलत नव्हती. ते म्हणाले, जरा भाव खा, आपण होऊन बोलू नका. तुम्ही आठवडाभर मान वळवून चालत राहिलात, तेव्हा बाईंनीच गाठून विचारलं, "तुमची मान आखडली आहे का?" मग काकांनी विंचूरच्या वायनरीत जेवायला न्यायला सांगितलं, कारण मोठ्या लोकांत असंच असतं म्हणे. मीही कमी नव्हते. तुम्हाला निळा टीशर्ट आणून दिला, आणि बजावलं, "बाबा, लय म्हणू नका, खूप म्हणा. त्या शिक्षिका आहेत."

तिथे काय झालं ते मला बाईंनी कितीतरी दिवसांनी सांगितलं. तुम्ही दोघं द्राक्षाच्या मळ्याकडे तोंड करून बसलेले. दारू तुम्ही दोघंही पीत नाही. वेटर वाईनची नावं सांगतोय आणि तुम्ही साधं लिंबू सरबत मागताय. मग तुम्ही म्हणता, "आज वातावरण खूप आल्हाददायक आहे." "रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलत होते गं," बाई सांगताना डोळे पुसत होत्या.

परतीच्या एसटीत मात्र तुम्ही हात टेकलेत. "बाई, मला लोकांनी लय काय काय सांगितलं. मला त्यातलं काहीच जमत नाय. आता तुम्हीच सांगा, तुमच्याशी कसं बोलू?"

"असंच बोला," बाई म्हणाल्या. "हा शर्ट पुन्हा घालू नका. आणि कारखान्यात नेमकं काय करत होतात ते सांगा, मी कधी आतून कारखाना बघितला नाही."

द्वारका चौकात उतरेपर्यंत तुम्ही लेथ मशीनबद्दल बोललात आणि त्यांनी ऐकलं. मग रिक्षा न करता घरापर्यंत चालत आलात, कारण आता त्यांची पाळी होती आणि त्यांना शाळेबद्दल पुष्कळ बोलायचं होतं.

पुढे आत्या चिडली. "लेकीचं लग्न व्हायचंय अजून, आणि हा बोहल्यावर चढतोय." तुम्ही लगेच मागे सरलात, माझ्याकडे बघायचंही टाळू लागलात. तेव्हा बाई एकट्याच घरी आल्या, आईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुला नको असेल तर स्पष्ट सांग. आम्ही ट्रॅकवर भेटत राहू, तेही चांगलंच आहे." मला विचारणारं ते पहिलंच माणूस. मी त्यांना चहा टाकला आणि दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितलं की साक्षीदार म्हणून सही मी करणार आहे.

तुम्ही गेल्यावरही बाई त्याच घरात राहिल्या. मी रविवारी जाते. हल्ली त्या पेटी शिकतात, आणि त्या वर्गात एक गृहस्थ आहेत, ते घरच्या झाडाची सीताफळं आणून देतात. मागच्या रविवारी मटार सोलता सोलता बाई म्हणाल्या, "ते चहाला बोलावतायत. जाऊ का?" मी म्हटलं, जा की. त्यांचे हात थांबले. "तुझ्या बाबांना काय वाटेल?"

"त्यांची काही हरकत नाही," मी म्हणाले, आणि इतक्या खात्रीने म्हणाले की त्यांनी लगेच विचारलं, साडी कोणती नेसू.

काल त्या जाऊन आल्या. फोनवर किती वेळ हसत होत्या, सांगता सांगता मध्येच पुन्हा हसत होत्या. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. बाबा, मला फार आनंद झाला. पण फोन ठेवल्यावर थोडासा हेवाही वाटला, तुमच्या वतीने. तेवढं बाईंना सांगितलं नाही.