कोठीतले महादेव आणि तीन फूट ओटा

३ जानेवारी, सकाळी ९.१०

आज आमच्या ओट्यावर लाल फुली आली. फुलीखाली '३ फीट'. सर्व्हेचे दोघे जण आले, टेप धरला, रंगाचा डबा हलवला, फुस्स केलं आणि पुढच्या घरी गेले. मी ओट्यावरच बसलो होतो. उठा असंसुद्धा म्हणाले नाहीत. पायजम्याला रंग लागला तो वेगळाच.

गल्ली रुंद होणार आहे. म्हणे अँब्युलन्स आत यायला हवी. दुर्गाघाटामागच्या या गल्लीत लोक दोनशे वर्षं अँब्युलन्सशिवाय मरत आले, कोणाची तक्रार ऐकलेली नाही.

या ओट्यावर मी रिटायर झाल्यापासून रोज सात ते साडेनऊ बसतो. गल्लीचं निम्मं कामकाज इथून चालतं. दूधवाला वेळेवर येतो, कारण मी बघत असतो. आणि या मोघ्यांच्या ओट्याचे तीन फूट हे लोक तोडणार!

निश्चय: (१) तीन फूट सोडाच, तीन इंचही देणार नाही. (२) रोज एक अर्ज. (३) राग आवरायचा. (४) पान दिवसाला दोनच. लढ्यासाठी आवाज स्वच्छ हवा.

मुलगी मैत्रेयी हिने तिच्या बँकेतून आणलेली ही डायरी दोन वर्षं कोरी पडून होती. वार चुकतील, तारखा बरोबर आहेत.

३ जानेवारी, रात्री

शरदिनीला लढ्याची कल्पना दिली. तिने पायजमा बघितला आणि रॉकेल आणलं. मग म्हणाली, अहो, तीन फूट देऊन टाका, पावसात तिथे शेवाळंच होतं. चौतीस वर्षं संसार करूनही बायकोला नवऱ्याची उंची कळत नाही, हे आज नोंदवून ठेवतो. पानं: पाच.

५ जानेवारी

ओटा बचाव समिती स्थापन. अध्यक्ष मी. उपाध्यक्षपदासाठी समोरच्या अनिमेषबाबूंना विचारलं. त्यांच्या चौकटीवरही फुली आहे. त्यांनी चहा दिला, मिठाई दिली, कोलकात्याच्या थोरल्या बहिणीची तब्येत सांगितली आणि शेवटी म्हणाले, मोघेजी, हम तो कल ही साइन कर आए.

घरभेदी माणूस. मिठाई मात्र चांगली होती.

सदस्य: एक.

६ जानेवारी

धुकं. अर्ज लिहायला उजेड नाही. मलइयो खाल्ली, दुधाच्या फेसाची ती केशरी मिठाई. थंडीत चारच महिने मिळते, अर्ज वर्षभर लिहिता येतात.

११ जानेवारी, दुपारी

स्वतः रुंदीकरण योजनेच्या ऑफिसात गेलो. पहिला अर्ज (दहा पानी) हातात दिला. तिथल्या बाबूने पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं, म्हणाला, बाबूजी, पूरा मोहल्ला मान गया, बस आप ही का पत्थर अटका है. मी म्हटलं, वह पत्थर नहीं, परंपरा है. तो हसला. म्हणाला, परंपरा का कॉलम नहीं है. घर में कोई पुराना मंदिर-वंदिर हो तो बताइए, उसकी फाइल अलग चलती है.

मी जागच्या जागी उभा राहिलो. बाबूला वाटलं चक्कर आली, पाणी दिलं.

आमच्या कोठीत महादेव आहेत!

११ जानेवारी, संध्याकाळी

कोठीची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची अंधारी खोली. तिच्या भिंतीत दगडी देवळी आहे, आत पिंडी आहे. शरदिनी रोज तिथे तांब्याभर पाणी आणि एक फूल घालते. देवळीच्या दोन बाजूंना दगडी खांब आहेत. एका खांबावर गाळणी टांगलेली असते, दुसऱ्याला मी अठ्ठ्याण्णव साली पिवळा ऑइलपेंट दिला होता. कोणी कधी लक्ष दिलं नाही. मी दिलं. दृष्टी असावी लागते.

१२ जानेवारी

सकाळपासून पेंट खरवडतोय. चमच्याने. खाली हत्ती निघाला! मग फुलं, मग आणखी एक हत्ती. लोणच्याच्या बरण्या, तांदळाची पिंपं सगळी अंगणात काढली. शरदिनीचे तीन चमचे वाकले.

तिला हत्ती दाखवला. तिने पदराने त्याची सोंड पुसली. मग म्हणाली, देव आपल्या घरात राहतायत की आपण त्यांच्या घरात, हे साहेबांना विचारायला जाऊ नका.

बायकांना कायदा कळत नाही. मंदिर वाचलं की घर वाचतं, घर वाचलं की ओटा वाचतो. साधा हिशेब.

१५ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ. मैत्रेयीने लॅपटॉपवर हिंदीत अर्ज टाइप केला. पोरगी हुशार आहे, पण शंका फार. म्हणाली, बाबा, इसमें तो सिर्फ मंदिर के संरक्षण का लिखा है. घराचं काहीच नाही. मी म्हटलं, घर म्हणजेच मंदिर. तिने विचारलं, हजार वर्षं कशावरून? मी म्हटलं, हत्तीच्या चेहऱ्यावरून.

शेवटी एक भारदस्त वाक्य मी स्वतः सुचवलं: 'इस पुनीत कार्य हेतु प्रशासन जो उचित समझे, वह करे, मुझे कोई आपत्ति न होगी.' ती म्हणाली, हे कशाला? मी म्हटलं, मोठेपणा दिसतो. ती म्हणाली, ठीक है, आपने बोला है, मैं लिख रही हूँ.

ठळक सही केली. पानं: सात (सण होता).

२४ जानेवारी

विजय!

एक्स्पर्ट मॅडम आल्या. अवनीजी. वय तिशीच्या आत, बूट धुळीने भरलेले, बोलणं गोड. कोठीत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, अरे वाह. नंतर दोन तास त्या बाहेर आल्याच नाहीत. शरदिनीने पोहे आत नेऊन दिले.

मग त्यांनी घराची माहिती विचारली. आता माहिती म्हणजे आमचा प्रांत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं रजिस्टर ठेवलं आहे. प्रत्येक भिंतीची तारीख तोंडपाठ सांगितली. स्वयंपाकघराची भिंत: आजोबा, १९३१. न्हाणीघर: वडील, १९६२. जिना आणि वरचा मजला: मी स्वतः, १९८९, विटा चुनारच्या बाजूच्या. मॅडमनी विचारलं, यानी मंदिर पहले से था, बाकी सब आपके परिवार ने बाद में बनाया? मी म्हटलं, एक-एक ईंट! कागज भी है!

कागद दिले. त्यांनी सगळ्यांचे फोटो काढले. ओट्याचा दगडही बघितला. म्हणाल्या, हा देवळाच्याच जोत्याचा आहे. मी शरदिनीकडे बघितलं. ती पोह्याची बशी उचलत होती.

इतकं मन लावून ऐकणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. मन भरून आलं.

२ फेब्रुवारी

पेपरात फोटो! 'घर के भीतर मिला प्राचीन मंदिर.' फोटोत महादेव स्पष्ट आहेत. माझा डावा कान आणि लिंबाच्या लोणच्याची बरणीही आहे. बारा प्रती घेतल्या. अनिमेषबाबूंना दोन दिल्या.

सकाळपासून माणसं दर्शनाला येतायत. बैठकीतून आत, स्वयंपाकघरातून कोठीत. मी सगळ्यांना माहिती देतो. काल हजार वर्षं सांगत होतो, आज बाराशे झाली. अभ्यास वाढतो तसा आकडा वाढतोच.

शरदिनी फोडणी देत असताना मागे कोणीतरी आरती सुरू केली. तिने गॅस बंद केला आणि हात जोडून उभी राहिली. वरण करपलं नाही, पण झालंही नाही.

१९ फेब्रुवारी, दुपारी ४

पत्र आलं! 'आपके आवेदन के क्रम में मंदिर का संरक्षण स्वीकृत किया जाता है.' स्वीकृत! पेढे आणायला निघालो. दुसरं पान आहे, पण ऑफिसातली हिंदी म्हणजे डोळ्याला त्रास. रात्री वाचू.

अनिमेषबाबूंना पेढा दिला. त्यांच्या घराचे तीन फूट तुटले, आता पुढे छान काचेचं दार बसवतायत. बिचारे. समोर उभं राहून मी बराच वेळ सहानुभूती दाखवली.

१९ फेब्रुवारी, रात्री ९

मैत्रेयीने दुसरं पान वाचलं. 'मंदिर के चारों ओर का समस्त परवर्ती निर्माण हटाकर उसे जनसाधारण हेतु मुक्त किया जाएगा.' मी विचारलं, परवर्ती म्हणजे काय काय? ती म्हणाली, बाद का, बाबा. मतलब हम.

जोडपत्रात भिंतींची यादी आहे. १९३१, १९६२, १९८९. एकही तारीख चुकलेली नाही.

२० फेब्रुवारी

मंदिर मागे घ्यायला ऑफिसात गेलो. सांगितलं, पिंडी आजोबांनी बाजारातून आणली होती. हत्ती मी कोरले, हौस म्हणून. मॅडम तिथेच होत्या, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, अंकल, आपने ही तो कहा था. त्यांनी वही उघडली. माझं प्रत्येक वाक्य तारखेसकट.

तीन फूट घ्या म्हटलं. मग पाच म्हटलं. बाबू म्हणाला, बाबूजी, वह फाइल तो बंद हो गई. ओटा आता कोणी तोडणार नाही. देवळाचं जोतं आहे ते, आहे तिथेच राहील.

म्हणजे लढ्याचं मूळ उद्दिष्ट साध्य झालं. हे तटस्थपणे नोंदवतो. पानं: मोजली नाहीत.

२२ फेब्रुवारी

शरदिनी आज कोठीत पाणी घालून आली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, मी लग्न होऊन सागरहून आले त्या दिवसापासून रोज ह्या महादेवांना पाणी घातलंय. ताप असला तरी घातलंय. आता ह्यांना घर सोडावं लागणार नाही, मला लागणार.

मी तिच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि खाली ठेवला.

मग तिने विचारलं, घराच्या बदल्यात देतायत त्या जागी स्वयंपाकघराला खिडकी आहे का? आहे म्हटलं. मला माहीत नव्हतं.

१६ मार्च

बांधाबांध. नवी जागा शिवपूरला, शहराच्या टोकाला, तिसरा मजला. लिफ्ट आहे. मैत्रेयीला आवडलंय, तिच्या ब्रँचला जवळ पडतं. ती जिन्यात रडताना दिसली. विचारलं तर म्हणाली, कुछ नहीं, धूल है.

खरंच धूळ होती.

२७ मार्च

पाडकाम सुरू होऊन आठवडा झाला. गल्लीत मशीन येत नाही, सगळं घणाने. मलबा गाढवांच्या पाठीवरून घाटाकडे. मी देखरेखीला रोज येतो. मजुरांना सांगितलं, ही भिंत बासष्टची आहे, खालून नका मारू, वरून काढा. त्यांच्यातला वयस्क होता तो म्हणाला, चाचा, आप बैठ जाइए. कुठे बसणार? ओट्याभोवती रेलिंग लावलंय. पाटी आहे: 'बैठना मना है.'

एकोणनव्वदच्या विटा फार पक्क्या निघाल्या. माझ्या मजल्याला त्यांना तीन दिवस लागले. दोघे मजूर तर दमून खालीच बसले. एवढं समाधान आहे.

९ एप्रिल

शिवपूर. निश्चय: (१) मागचं काढायचं नाही. (२) रोज सात ते साडेनऊ सोसायटीच्या गेटजवळ खुर्ची टाकून बसायचं, इथेही व्यवस्था लावायची गरज दिसते. (३) पान बंद.

सव्वासातला वॉचमन म्हणाला, अंकल, गाड़ी निकलेगी. खुर्ची चार वेळा हलवली. पावणेआठला वर आलो. इथे पानाचं दुकान फार लांब आहे.

स्वयंपाकघराला खिडकी आहे. समोर पाण्याची टाकी दिसते. शरदिनी सकाळी तांब्या भरते आणि मग थोडा वेळ तशीच उभी राहते.

२१ मे, सकाळी

शरदिनीला दर्शनाला घेऊन गेलो. ती तांब्या घेऊनच निघाली होती. मोकळ्या चौथऱ्यावर देऊळ एकटं उभं आहे, उन्हात. शिखर आमच्या न्हाणीघरात गाडलेलं होतं, आता दिसतं. सुंदर आहे. हे मला कधीच माहीत नव्हतं. पाटीवर लिहिलंय: 'अतिक्रमण हटाकर मंदिर को मुक्त कराया गया.' दोनदा वाचली. वाक्यरचना बरोबर आहे.

रांगेत अर्धा तास. चपला आमचा फ्रिज होता त्या जागेपाशी काढायच्या. आमचा नंबर आला तेव्हा गार्डने सांगितलं, जल बाहर से चढ़ाइए, माताजी, पाइप लगा है. शरदिनीने पायपातून पाणी सोडलं आणि पुढे वाकून ते पिंडीपर्यंत पोचतंय का बघत राहिली. मागून लोक ढकलत होते. गार्ड म्हणाला, आगे बढ़िए, माताजी. ती पुढे झाली. मला काहीतरी बोलायचं होतं, मोघ्यांच्या चार पिढ्या वगैरे. तेवढ्यात मीही पुढे ढकलला गेलो.

गार्ड भला माणूस होता. माझ्याकडे बघून त्याने आवाज मऊ केला. विचारलं, बाबूजी, कहाँ से आए हैं?

म्हणालो, शिवपुर से.