वाटाड्या मोरिसोच्या बायकोला टेकाडाची जमीन

मी, आल्फियस डॉर्लंड, वय अडुसष्ट, राहणार किंग्स्टन, अमेरिकेशी झालेल्या गेल्या युद्धात ओंटारियो सरोवरावर लेफ्टनंट. पाय सुजलेत, डोकं जागेवर आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, किळस आल्यामुळे हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आधीची सगळी रद्द समजावीत.

कलम पहिले. राहते घर, गाय आणि मेपलच्या रसाची साखर करायच्या कढया पुतण्या सायलस यास. तो माझं सगळं करतो, तोंड वाजवत का होईना. माझा नौदलाचा कोटही त्यानेच घ्यावा आणि मक्यातल्या बुजगावण्याला घालावा. इंग्लंडहून समुद्रावरचे साहेब इथे आले, तेव्हा सरोवरावर जन्मलेल्या आम्हा अधिकाऱ्यांकडे बघून त्यांनी विचारलं होतं, "हे नावाडी कोणाचे?" त्या कोटाला कावळे तरी भितील अशी आशा आहे.

कलम दुसरे. बंदराच्या तोंडावरची टेकाडाची जमीन. सगळा खटाटोप हिच्यासाठी.

कॅप्टन ऑगस्टस पेलिंग यांना ती हवी आहे. 'हेरन' गलबतावर बुडालेल्यांचा स्तंभ तिथे उभारायचा आहे. स्तंभावर सगळ्यांची नावं, फक्त वाटाड्या अँतोइन मोरिसोचं नाही. कारण गलबत त्याने बुडवलं असं चौकशीत ठरलं. मी त्या गलबतावर पेलिंगसाहेबांच्या हाताखाली दुय्यम अधिकारी होतो. झालं ते असं.

समुद्रात जाताना पिण्याच्या पाण्याची पिंपं भरून न्यावी लागतात. पेलिंगसाहेबांनी तोच नियम इथे लावला. खाली अख्खं गोडं सरोवर, आणि गलबताच्या पोटात गोड्या पाण्याची पिंपं! आजही आठवलं की शिसारी येते.

मोरिसो म्हणाला, "साहेब, तहान लागली तर बादली सोडा की खाली. उगाच जड झालंय गलबत. बेटांमधल्या वाटेत तळ घासेल."

"ए फ्रेंच्या, तू मला नौदल शिकवणार?"

पुढे नोव्हेंबरचं वादळ उठलं आणि आडोशासाठी त्याच वाटेने शिरावं लागलं. मोरिसो ओरडला, "आता तरी पिंपं फेका, साहेब!"

"सरकारी सामान आहे ते. लेखी हुकूम आण, मग फेकतो."

तळ खडकावर फुटला. साहेब पहिल्याच होडीत बसले. मोरिसोने सुकाणू सोडलं नाही, आणि तो सुकाणूसकट गेला. चौकशीत मी बोलायला उभा राहिलो, तर चौकशीला बसलेले साहेब म्हणाले, "नावाड्यांना नंतर विचारू." ते नंतर अजून उजाडलेलं नाही.

मोरिसोची बायको मार्गरित हिला निवृत्तिवेतन नाकारलं गेलं. ती आजवर छावणीतले शर्ट धुते. स्तंभाचं मीच तिच्या कानावर घातलं.

ती म्हणाली, "बांधू दे की. माझ्या पोरांना लोक अजून बुडव्याची पोरं म्हणतात. मला दगड नको, भाऊजी. तेवढं एक पुसता आलं तर बघा."

तरी टेकाडाची संपूर्ण जमीन मार्गरित मोरिसो हिला देत आहे. तिने तिथे कोबी लावावा, धुणं वाळत घालावं, कोणी विचारायचं नाही.

सायलस कुरकुरतो, "काका, एवढी मोक्याची जागा धोबिणीला? साहेबांशी वैर कशाला?" वैर नाही रे बाबा. वैर माणसाशी करतात.

कलम तिसरे. मी गेल्यावर येणाऱ्या रविवारी, प्रार्थना सुटताना, हे मृत्युपत्र चर्चच्या पायरीवरून भर गावात मोठ्याने वाचावे. एकही ओळ गाळू नये. साक्षीदारांची नावेसुद्धा वाचावीत.

हे लिहितो आहे तेव्हा दोन्ही साक्षीदार समोर बसले आहेत. जमिनीची काहीतरी व्यवस्था होते आहे, एवढ्या निरोपावर दुसरे साक्षीदार धावत आले. मी कागद त्यांच्यापुढे केला आणि म्हणालो, "आधी वाचून घ्या, साहेब."

"तुझं अक्षर कोण लावत बसणार, डॉर्लंड? टेकाडाचंच आहे ना?"

"टेकाडाचंच आहे, साहेब."

"मग झालं. सही कुठे करू ते सांग."

किंग्स्टन, अप्पर कॅनडा. दिनांक ९ मार्च १८३१.

सही: आल्फियस डॉर्लंड

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:

१. हायरम व्हॅन्डुसेन, होड्या बांधणारा सुतार

२. ऑगस्टस पेलिंग, कॅप्टन, राजाचे नौदल